मिशनरी, घर आणि भाषा : एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखातील दैनंदिनतेचा प्रश्न

१

मराठी वाङ्मयेतिहासात मिशनऱ्यांचा विचार प्रामुख्याने दोन पद्धतींनी झालेला आहे. पहिली पद्धत ऋणनिर्देशाची आहे. छापखाने, व्याकरणे, कोश, मुलींच्या शाळा आणि नियतकालिके यांची यादी देऊन मिशनऱ्यांचे उपकार तीत नोंदविले जातात. दुसरी पद्धत आरोपाची आहे. धर्मांतराचा हेतू आणि वासाहतिक सत्तेशी असलेले लागेबांधे दाखवून त्याच यादीचा उलट हिशेब तीत मांडला जातो. दोन्ही पद्धती आपापल्या परीने आवश्यक आहेत, परंतु दोहोंमध्ये मिशनरी हा केवळ एका कार्याचा कर्ता म्हणून उभा राहतो. तो कोठे राहत होता, काय खात होता, पाणी कोण भरत होते, तापाने फणफणला असता कोणाला कोणत्या भाषेत हाक मारत होता, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरचे मानले जातात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेतलेच आहेत. परमुलखातील रोजच्या जगण्याशी मिशनऱ्यांनी केलेली तडजोड हा केवळ चरित्राचा तपशील नाही. त्यांनी जी मराठी शिकली, लिहिली आणि छापली, तिचे स्वरूप या तडजोडीने बऱ्याच अंशी निश्चित केले. त्याचबरोबर, या तडजोडीविषयी जे लेखन झाले त्याने काय सांगितले आणि काय गाळले, याचा विचार केल्याशिवाय त्या लेखनाचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे ठरते. विवेचनाच्या सोयीसाठी अमेरिकन मराठी मिशन आणि मुंबईतील स्कॉटिश मिशन यांच्या आरंभीच्या काळावर येथे लक्ष केंद्रित केले आहे.

२

प्रथम लेखनप्रकाराचा विचार करू. परदेशी गेलेल्या मिशनऱ्याच्या जीवनाविषयीचा आपला बहुतेक पुरावा स्वदेशी धाडलेली पत्रे, मिशनच्या मासिकांतील अहवाल आणि मृत्यूनंतर संपादित झालेली स्मृतिचरित्रे यांतून येतो. या तिन्हींचा अभिप्रेत वाचक एकच आहे : वर्गणी देणारा, प्रार्थना करणारा आणि कदाचित उद्या स्वतः निघू पाहणारा मायदेशातील भाविक. या वाचकाच्या अपेक्षांनी लेखनाचा साचा घडविलेला आहे.

अमेरिकन परंपरेत हा साचा घडविणारा ग्रंथ म्हणून हॅरिएट न्यूएल यांच्या स्मृतिचरित्राकडे पाहता येते. १८१२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी, नवविवाहित हॅरिएट पती सॅम्युएल न्यूएल यांच्यासह सेलम बंदरातून निघाल्या. कलकत्त्यास पोहोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने या अमेरिकन मिशनऱ्यांना राहू दिले नाही. मॉरिशसकडे जाताना जहाजावरच त्यांना मुलगी झाली. ती काही दिवसांतच दगावली आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट यांचेही निधन झाले. एकाही मनुष्याला धर्मोपदेश करण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. तरीही १८१४ मध्ये त्यांची दैनंदिनी व पत्रे प्रसिद्ध झाली आणि ती अमेरिकेत अतिशय लोकप्रिय ठरली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ज्या जीवनात कार्य असे काही घडलेच नाही, त्या जीवनालाही हा लेखनप्रकार अर्थ देऊ शकतो. आजार, वियोग आणि मृत्यू यांचे रूपांतर तो त्यागाच्या कथनात करतो. या रूपांतराची किंमत म्हणजे दैनंदिनतेचा लोप. ज्या दुःखाला उदात्त शेवट देता येतो तेच दुःख कथनात टिकते. कंटाळा, चिडचिड, भीती आणि रोजची असहायता यांना तेथे फारशी जागा उरत नाही.

हा लोप किती गंभीर असू शकतो, हे विल्यम कॅरी यांच्या घरावरून दिसते. त्यांच्या पत्नी डॉरोथी आरंभी इंग्लंड सोडण्यास तयार नव्हत्या. १७९३ मध्ये त्या अखेर निघाल्या. पुढल्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर डॉरोथी यांचे मन जे ढळले ते पुन्हा ताळ्यावर आले नाही आणि १८०७ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांचा अंत झाला. कॅरींचे बंगाली, संस्कृत आणि मराठी भाषांमधील प्रचंड काम याच वर्षांतले आहे. मराठी व्याकरणकार म्हणून कॅरींचा उल्लेख आपण करतो, तेव्हा त्याच घरातील या बाईचा उल्लेख करत नाही. तो केल्याने व्याकरणाचे मोल कमी होत नाही. परंतु परमुलखातील जीवनाशी जुळवून घेणे याचा अर्थ काहींच्या बाबतीत जुळवून घेता न येणे असाही होता, आणि ज्यांना ते जमले त्यांच्याच हातून इतिहासाची साधने निर्माण झाली, एवढे त्यावरून कळते.

३

न्यूएल दांपत्याचे सहकारी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांना घर नव्हे तर केवळ मुदत मिळाली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन व्यक्तिशः सहानुभूती बाळगून होते, परंतु वरिष्ठ सरकारची आज्ञा या दोघांना परत धाडण्याची होती. मध्यंतरी दोघांनी मुंबईतून गुपचूप निघून कोचीनपर्यंत मजल मारली. तेथून त्यांना परत आणण्यात आले. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांसाठी मार्ग मोकळा केल्यानंतर त्यांच्या वास्तव्याला हळूहळू स्थैर्य आले. म्हणजे पश्चिम भारतातील अमेरिकन मिशनच्या दैनंदिन जीवनाचा आरंभ अर्ज, विनवण्या आणि प्रतीक्षा यांनी झाला. ज्या सत्तेचे हस्तक म्हणून पुढे मिशनऱ्यांकडे पाहिले गेले, त्या सत्तेच्या दारात ते प्रथम नकोसे पाहुणे म्हणून उभे होते, ही गोष्ट वासाहतिक संबंधांच्या सरसकट मांडणीत निसटून जाते.

त्यानंतरचा मुख्य प्रश्न शरीराचा होता. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्येच परतले. सॅम्युएल न्यूएल मुंबईस येऊन मिशनमध्ये सामील झाले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूएल यांनी मिळून एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. जगातील साठ कोटी लोकांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर असलेला हक्क हा त्याचा विषय. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्या या दोघांचे प्रत्यक्ष जग मात्र मुंबईतील दोन-चार खोल्या, मूठभर शाळा आणि एक छापखाना एवढेच होते. या दोन मापांमधील अंतर हेच मिशनरी दैनंदिनतेचे खरे क्षेत्र होय.

हॉल यांची अखेर या संदर्भात बोलकी आहे. १८२५ मध्ये त्यांच्या पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. हवापाणी आणि मुलांचे शिक्षण यांसाठी कुटुंबाची अशी ताटातूट मिशनरी घरांत वारंवार घडे. दोन मुलांपैकी एक प्रवासातच दगावला. हॉल मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात त्यांनी जवळची औषधे पटकीच्या रोग्यांना वाटली, आणि परतीच्या वाटेवर स्वतःच पटकीने आजारी पडून २० मार्च रोजी एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर प्राण सोडला. स्मृतिग्रंथांत या प्रसंगाला हौतात्म्याचा रंग येणे स्वाभाविक आहे. परंतु दैनंदिनतेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वेगळाच अर्थ दिसतो. मूर्तिपूजेविरुद्ध तेरा वर्षे प्रवचने करणाऱ्या मनुष्याला अखेर देवळाच्या ओसरीवाचून दुसरी जागा नव्हती. वाटसरू म्हणून गावाने त्याला जी जागा दिली ती इतर कोणाही वाटसरूला मिळाली असती. वादाच्या पातळीवर जे शत्रुत्व होते, ते आतिथ्याच्या पातळीवर तितक्याच तीव्रतेने अस्तित्वात होते असे मानण्याचे कारण नाही.

४

घर स्थिरावले की त्याची एक भाषाव्यवस्था तयार होते. मिशनरी बंगल्यात मराठी दोन दारांनी आत येत असे. दिवाणखान्यात ती पंडिताबरोबर येई. तो बहुधा ब्राह्मण असे, वेतन घेऊन शिकवी, परंतु त्या घरचे पाणी पीत नसे. मागील दाराने ती आया, भिस्ती, हमाल आणि स्वयंपाकी यांच्याबरोबर येई. पंडिताची मराठी संस्कृतप्रचुर व शुद्धतेची अभिमानी. मागच्या दाराची मराठी बोलीतली आणि अनेक भाषांच्या मिश्रणाची. 'आया' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. 'पाद्री' हाही तसाच. न्यू इंग्लंडच्या कडव्या प्रॉटेस्टंट परंपरेतून आलेल्या माणसाला या मुलखात रोमन कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने हाक मारली जावी, हा विरोधाभास सूचक आहे. मिशनऱ्याने स्वतःची व्याख्या करण्यापूर्वीच भाषेने त्याची व्याख्या करून टाकली होती.

१८०५ मध्ये श्रीरामपूरहून प्रसिद्ध झालेल्या कॅरींच्या मराठी व्याकरणाला नेहमीच्या विषयांवरील संवादांची जोड होती. हे व्याकरण वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाले. परभाषा शिकताना नियमांइतकीच रोजच्या व्यवहारातील वाक्यांची गरज असते, हे कॅरींनी ओळखले होते. परंतु परक्या सत्तेच्या छायेतील घरात रोजचा व्यवहार म्हणजे बव्हंशी आज्ञा. पाणी आण, घोडा तयार कर, दार लाव. नवख्या साहेबाच्या तोंडी मराठी क्रियापद प्रथम आज्ञार्थात बसत असे. येथे मराठीतील सर्वनामांचा प्रश्न उद्भवतो. नोकराला 'तू' म्हणायचे, पंडिताला 'तुम्ही' किंवा 'आपण', आणि प्रार्थनेत देवालाही 'तू'. मराठी भक्तिपरंपरेला देवाशी 'तू' म्हणून बोलणे शतकानुशतके परिचित आहे. तेथे हे एकेरीपण जवळिकीचे आहे. ज्याच्या कानावर 'तू' प्रथम स्वयंपाकघरातील हुकमातून पडला, त्याला या जवळिकीची छटा सहज कळणे कठीण होते. ख्रिस्ती गद्याच्या आरंभीच्या काळात जो परकेपणा जाणवतो त्याचे कारण केवळ इंग्रजी वाक्यरचनेचे अनुकरण नाही. पंडिताची मराठी आणि आज्ञार्थी मराठी यांच्या मधला जो बरोबरीच्या बोलण्याचा प्रदेश, तो मिशनरी घरात जवळजवळ रिकामा होता, हे त्याचे अधिक खोलवरचे कारण आहे.

या उणिवेची जाणीव पुढे ख्रिस्ती समाजातूनच व्यक्त झाली. नगरचे हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत गीते रचली. परंतु पाश्चात्त्य चालींच्या मापात मराठीचे ऱ्हस्वदीर्घ बसविण्याची अडचण त्या काळच्या गीतरचनेत राहिलीच. नारायण वामन टिळकांनी ओवी आणि अभंग उपासनेत आणले, तेव्हा ती अडचण सुटली. कारण त्यांना छंद शिकावा लागला नव्हता, तो त्यांच्या घरातलाच होता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पूर्णपणे प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित बायकांना समजावे हा त्यांचा उद्देश होता. म्हणजे जो बरोबरीच्या बोलण्याचा प्रदेश बंगल्यात रिकामा राहिला होता, तेथेच त्यांनी आपले भाषांतर उभे केले.

५

मिशनरी स्त्रियांची स्थिती येथे स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे. बाजारात, घाटावर, देवळासमोर वाद घालणे हे पुरुष मिशनऱ्याचे क्षेत्र होते. स्त्रीचे क्षेत्र घर, आणि घरातून इतर घरांकडे जाणारी वाट. मार्गारेट विल्सन पती जॉन विल्सन यांच्याबरोबर फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस आल्या. आरंभीचा काही काळ भाषा शिकण्यासाठी कोकणात घालविल्यावर त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि एप्रिल १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. जेमतेम सहा वर्षांच्या या वास्तव्यात बाळंतपणे, आजार, घर आणि शाळा ही चारही कामे एकाच वेळी चालू होती. पतीने संपादिलेले त्यांचे स्मृतिचरित्र १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्नीच्या पत्रांतून निवड करणारा हात पतीचा, आणि तो स्वतः मिशनचा प्रमुख, या दुहेरी चाळणीतून जे उरले तेच आपल्या हाती आहे. अशा संहितेचे वाचन करताना तिच्यातील मौनांना किमान तिच्यातील विधानांइतके महत्त्व द्यावे लागते.

सिंथिया फरार यांचे उदाहरण वेगळे आहे. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या त्या कोणाच्या पत्नी म्हणून नव्हे. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेल्या अविवाहित स्त्रियांत त्या अगदी पहिल्यांपैकी होत. मुंबईत आणि नंतर अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. मध्ये एकदाच त्या मायदेशी जाऊन आल्या आणि १८६२ मध्ये नगर येथेच वारल्या. मराठी समाजात प्रौढ अविवाहित स्त्रीला स्थान नव्हते. विधवा नव्हे, संन्यासिनी नव्हे, कोणाची बायको नव्हे, अशी बाई एकटी राहते आणि पगार घेऊन शिकविते, हेच मुळी त्या काळी न उलगडणारे होते. परंतु हे अपरिचितपण सर्वस्वी अडथळाच ठरले असे नाही. जोतीराव फुले यांनी नगरला फरारबाईंची शाळा पाहिली आणि तेथील शिक्षणाचा आपल्यावर झालेला परिणाम पुढे नमूद केला. सावित्रीबाईंचे काही प्रशिक्षण त्यांच्याकडे झाल्याचे चरित्रकार सांगतात. मुलींना शिकविता येते हा युक्तिवाद तेथे पुस्तकातून नव्हे, तर एका बाईच्या रोजच्या दिनक्रमातून डोळ्यांसमोर आला. मिशनचे उद्दिष्ट धर्मांतर होते. त्या दिनक्रमातून फुल्यांनी जे उचलले ते दुसरेच काही होते. एखाद्या कार्याचा परिणाम त्याच्या हेतूने बांधलेला नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

६

आतापर्यंतचे विवेचन मिशनऱ्यांच्या दिशेने झाले. उलट दिशेची दृष्टी नसेल तर ते अपुरे राहील. सुदैवाने मराठीत ती दृष्टी देणारा असामान्य ग्रंथ आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, पुढे पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोवळे-ओवळे, पाणी, पंगत यांबाबत आपले मन कसे पायरीपायरीने बदलत गेले हे त्या सांगतात, तेव्हा स्मृतिचरित्रांनी गाळलेली दैनंदिनता प्रथमच मराठी गद्यात पूर्ण तपशिलाने प्रकट होते. तिच्यात कंटाळा आहे, राग आहे, फजिती आहे आणि स्वतःवरचे हसू आहे. मिशनरी स्मृतिचरित्राचा नायक सहन करतो, लक्ष्मीबाई भांडतात. धर्मांतर ही येथे क्षणात घडणारी आध्यात्मिक घटना न राहता पाण्याचा पेला हाती घेण्याचा अनेक वर्षे चाललेला प्रश्न बनते. आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत, परक्या घरी राहायला शिकण्याचा हा अनुभव मिशनऱ्याच्या अनुभवाचे प्रतिबिंब आहे, आणि त्याहून अधिक कठीणही आहे. कारण मिशनऱ्याला परतण्यासाठी एक देश शिल्लक होता.

याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचे उदाहरण ठेवता येते. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या राहिल्या आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का असू नयेत हा प्रश्नही सोडला नाही. सिद्धान्ताच्या चर्चेइतकाच आग्रह येथे अन्नाचा आणि अक्षराचा आहे. ज्यांनी भारतात आपली न्याहारी, आपले कपडे आणि आपल्या चाली जपल्या, त्यांच्याच मायदेशी एका मराठी बाईने आपली जपणूक मांडली, तेव्हा तिची गणना हट्टीपणात झाली. जुळवून घेण्याचे ओझे दोन्ही बाजूंवर सारखे नव्हते, हे या पत्रव्यवहारातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही तात्त्विक मांडणीतून होत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यामागेही हीच असमानता होती. त्यांना ख्रिस्त हवा होता. बंगला आणि वेतन यांभोवती उभारलेली व्यवस्था नको होती.

७

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष साधनांविषयी आहे. मिशनरी पत्रे, अहवाल आणि स्मृतिचरित्रे ही दैनंदिन जीवनाची सरळ नोंद नव्हे. ती त्यागाच्या एका कथनसाच्यात बसविलेली निवड आहे. म्हणून त्यांच्या शेजारी व्याकरणे, संवादसंग्रह, गीतसंग्रह आणि धर्मांतरितांची आत्मकथने ठेवून ती वाचली पाहिजेत. जे पत्रात लपले ते कधी कधी उदाहरणवाक्यात सापडते.

दुसरा निष्कर्ष मूल्यमापनाविषयी आहे. ऋण आणि आरोप या दोन भाषांपैकी एक निवडण्याची सक्ती दैनंदिनतेच्या पातळीवर टिकत नाही. देवळाच्या ओसरीवर मरण पावलेले हॉल, मन हरपलेल्या डॉरोथी, चौतीस वर्षांच्या अवधीत एकदाच मायदेश पाहिलेल्या फरारबाई, ज्यांच्या पाणी भरण्यावर आणि स्वयंपाकावर ही सारी घरे उभी होती आणि ज्यांची नावेही उरली नाहीत असे नोकर, आणि पाण्याच्या पेल्यापाशी थबकलेल्या लक्ष्मीबाई, हे सर्व एकाच इतिहासाचे घटक आहेत. यांपैकी कोणालाही वगळून तो लिहिता येईल. आजवर बहुधा तसाच लिहिला गेला आहे. परंतु त्यामुळे अर्वाचीन मराठी गद्य घडले ते कोणत्या घरात, आणि त्या घरात कोण कोणाशी कोणत्या सर्वनामाने बोलत होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. समीक्षेला भाषेविषयी आस्था असेल, तर हा प्रश्न तिने समाजशास्त्राकडे सोपवून मोकळे होता येणार नाही.